रात्रीचं भरणं, दिवसाची वीज आणि गावाचं गायरान

शेतकरी एकमेकांना भेटले की "तुमच्याकडं लाईट आहे का?" असं विचारत नाहीत, "या आठवड्यात लाईट कधीची?" असं विचारतात. हा प्रश्न घरातल्या दिव्यांचा नसतो. तो थ्री फेजचा असतो, म्हणजे मोटर चालवणाऱ्या विजेचा. महाराष्ट्रात गेली जवळपास दोन दशकं शेतीपंपाची वीज पाळीनं येत आली आहे: आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, बाकीचे दिवस रात्री आठ किंवा दहा तास. रातपाळी लागली की बाप्या माणसं मध्यरात्री उठून भरण्याला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघतात.

२०१७ साली राज्य सरकारनं ही पाळी मोडायला एक वेगळी वाट धरली. गावाजवळच्या सबस्टेशनलगत सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनमधून पंपांकडं जाणाऱ्या वीजवाहिनीला, तिथूनच दिवसा वीज द्यायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हे तिचं नाव. ऊर्जेबद्दलच्या आपल्या चर्चा बहुतेक दोनच प्रश्नांभोवती फिरतात: धूर किती आणि दर किती. या प्रकरणात तिसरा प्रश्न सगळ्यात वजनदार ठरला, तो म्हणजे वीज किती वाजता येते. त्या उत्तरावर माणसाची झोप आणि जीव अवलंबून आहे. पण विजेची वेळ बदलली की गावातल्या पाण्याचा आणि जमिनीचा हिशोबही बदलतो, आणि तिकडे ही योजना अजून नीट लक्ष देत नाही, असं माझं म्हणणं आहे. म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात मांडतो.

रात्र शेतीच्या वाट्याला कशी आली

कोळशावर चालणारा वीजनिर्मितीचा संच मनात येईल तेव्हा बंद करून पुन्हा चालू करता येत नाही. बॉयलर तापवायला वेळ लागतो, तेल लागतं, पैसा लागतो. त्यामुळे रात्री शहरं झोपली, कार्यालयं मिटली, तरी संच ठरावीक पातळीच्या खाली न आणता चालूच ठेवावा लागतो. ती वीज कुठे तरी खपायला हवी. दिवसा आणि संध्याकाळी मात्र उलटी परिस्थिती: मागणी चढलेली, वीज अपुरी. या सगळ्या व्यवस्थेत शेतीपंप हा एकच मोठा भार असा होता की जो सबस्टेशनमधला ब्रेकर पाडून हवा तेव्हा बंद करता येत होता. मुंबई-पुण्याचा पुरवठा रोज आठ तास बंद ठेवायचं धाडस कुठलंही सरकार करणार नाही. शेतीच्या फीडरबद्दल ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं.

२००१ मध्ये दाभोळचा वीज प्रकल्प बंद पडला. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या, आणि त्या सुमाराची वर्षं भारनियमनाची म्हणूनच लोकांच्या लक्षात आहेत. त्याच काळात गावठाण फीडर वेगळे करण्याचं काम हाती घेतलं गेलं. गावातल्या घरांना एक तार, शेतातल्या पंपांना दुसरी. हे काम चांगलं होतं. घरात दिवा राहिला, पोरांचा अभ्यास सुरू राहिला, पिठाची गिरणी चालू राहिली. पण शेतीची तार वेगळी झाल्यावर तिला कुठल्याही वेळेला ढकलणंही सोपं झालं. हीच वेगळी तार पुढे सौर योजनेच्या कामी आली, हेही इथंच नोंदवून ठेवतो; गावठाण आणि शेती एकाच फीडरवर असती तर आजची योजना जवळपास अशक्य होती.

महावितरण विकते त्या विजेपैकी सुमारे तीस टक्के वीज शेतीला जाते. एवढा मोठा ग्राहक, पण वेळ ठरवताना त्याला कोणी विचारलं नाही.

रातपाळीत काय होतं

जानेवारीतली रात्र घ्या. हरभरा घाट्यांवर आलेला, शेजारच्या रानात कांदा. संध्याकाळी वायरमनला फोन जातो: "भाऊ, आज लाईट किती वाजता?" "बारा ते आठ. सोमवारपासून दिवसा आहे." मग जेवून दोन-तीन तास पाठ टेकायची आणि साडेअकराला उठून कानाला मफलर गुंडाळून निघायचं. हातात खोरं, तोंडात किंवा डोक्याला बॅटरी. बारा वाजता लाईट येते आणि स्टार्टर टाकला की पाटाला पाणी लागतं. एक वाफा भरला की त्याचं दार मातीनं बंद करायचं, पुढचं फोडायचं. पायात चप्पल राहत नाही, चिखलात रुतते. पाणी किती पुढे गेलंय हे दिवसा नजरेनं दिसतं, रात्री पायाला गार लागलं की कळतं. मध्येच ट्रिप झालं की पुन्हा विहिरीपर्यंत चालत जायचं.

घोणस रात्री बाहेर पडते. पिकात उंदीर असतात, उंदरांमागे ती येते, बांधाच्या गवतात किंवा सरीत पडून राहते. भारतात सर्पदंशानं २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज देशव्यापी मृत्यू-अभ्यासातून निघाला. त्यातली बहुतेक खेड्यातली होती आणि जवळपास निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतले. सगळ्यांचा संबंध रात्रीच्या पाण्याशी नाही, आणि तसं म्हणणं चुकीचं होईल. पण अंधारात अनवाणी पायांनी ओल्या सरीतून चालणं, तेही दवाखान्यापासून लांब आणि गाडी मिळण्याच्या वेळेबाहेर, यात धोका वाढतो हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. सर्पदंशात विषावरची लस किती लवकर मिळते यावर बरंच ठरतं. रात्री दोन वाजता रानात दंश झाला तर पहिला तास माणूस शोधण्यातच जातो.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात त्यात बिबट्याची भर. ऊस वर्षभर उभा असतो, त्यात मादी पिल्लं घालते, पिल्लं उसातच वाढतात. इथल्या गावांनी दिवसा वीज मागितली ती उत्पादन वाढावं म्हणून नाही. रात्री उसाला पाणी द्यायला माणूस पाठवायची हिंमत उरली नाही म्हणून. कोल्हापुरात फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं, मागणी एकच होती: शेतीला दिवसा दहा तास वीज.

आणि डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). गावोगाव पंपांना ऑटो स्विच बसवलेले असतात, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. माणसाला उठावं लागू नये म्हणून केलेली ही सोय. पण लाईट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात, दाब कोसळतो, फ्यूज उडतो, कधी रोहित्रच जळतं. मग बॅटरीच्या उजेडात कोणी तरी काठीनं फ्यूज घालायला जातं. जळालेली मोटर रिवाइंड करायला काही हजार लागतात, रोहित्र बदलून मिळेपर्यंत पीक वाळतं. शिवाय ऑटो स्विचवर मोटर रात्रभर चालते आणि पाणी देणारा नसतोच, तेव्हा एकाच वाफ्यात पाणी तुंबतं, बांध फुटून ओढ्याला जातं. रातपाळीनं माणसं दमवली तशी पाण्याचीही नासाडी केली.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. सर्पदंश, विजेचा धक्का, जनावराचा हल्ला अशा कारणानं शेतकरी गेला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. ती मदत हवीच. पण या तिन्ही कारणांना आपण अपघात म्हणतो तेव्हा त्यातला एक भाग वेळापत्रकानं घडवलेला असतो, हे मान्य करायला हवं. वेळापत्रक माणसांनी बनवलेलं होतं आणि माणसांना ते बदलता येत होतं.

बाईच्या नावावर चालणारी शेती या सगळ्यात आणखी अडते. नवरा नसलेली, किंवा नवरा मुंबईला असलेली बाई रात्री एकटी रानात जात नाही. तिला शेजाऱ्याच्या किंवा दिराच्या मागे लागावं लागतं, नाहीतर रोजानं माणूस लावावा लागतो, आणि रातपाळीचा गडी दिवसाच्या दरात येत नाही. दिवसा वीज आली की ती स्वतः दार धरते. हे योजनेच्या कुठल्याही उद्दिष्टात लिहिलेलं नाही, तरी मला ते तिच्या सगळ्यात मोठ्या मिळकतींपैकी एक वाटतं.

निवड कशी झाली

जून २०१७ मध्ये योजना आली. सुरुवातीचे प्रायोगिक प्रकल्प राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला ठरले. कल्पना नवी नव्हती. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटातले अभ्यासक कृषी फीडरच सौर करावेत असं मांडत आले होते. पहिली काही वर्षं काम हळू चाललं. जागा मिळेना, मिळाली तर कंत्राटदार येईना. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि वेग बदलला. सबस्टेशनजवळची जागा हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाड्यानं घ्यायची, भाड्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. सरकारी जमीन असेल तर ती द्यायची. प्रकल्प होणाऱ्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये द्यायचे. आधी ७ हजार मेगावॅटचं लक्ष्य होतं, ते वाढत १६ हजारांवर गेलं. दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा.

एक मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. पाच अश्वशक्तीचा पंप पावणेचार किलोवॅट ओढतो, म्हणजे ऊन चांगलं असताना एक मेगावॅटवर अडीचशेच्या आसपास पंप एका वेळी चालू शकतात. ढग आले तर फीडर मूळ ग्रीडला, म्हणजे राज्यभराच्या वीजजाळ्याला, जोडलेलाच आहे, वीज तिकडून येते. पावसाळ्यात पंप बंद असतात तेव्हा तयार होणारी वीज ग्रीडमध्ये जाते.

सरकारला ही निवड पटली ती सापांमुळे नाही, पैशांमुळे. शेतीला वीज पोचवण्याचा खर्च युनिटला आठ रुपयांच्या आसपास, शेतकऱ्याकडून अपेक्षित वसुली दीड-दोन रुपये, आणि तीही होत नव्हती; २०२० च्या सुमारास शेतीपंपांची थकबाकी चाळीस हजार कोटींच्या वर गेलेली होती. मधला फरक उद्योगांकडून जास्त दर घेऊन आणि सरकारी अनुदानातून भरला जायचा. सौर प्रकल्पाची वीज निविदांमध्ये तीन रुपयांच्या आसपास मिळाली, तीही सबस्टेशनच्या दारात, लांबून वाहून आणायची गरज नाही. हिशोब इतका सरळ होता की कुठलंही सरकार आलं असतं तरी याच वाटेनं गेलं असतं, असं मला वाटतं. ही चांगलीच गोष्ट आहे. आकड्यावर उभी राहिलेली योजना मंत्री बदलला म्हणून गुंडाळली जात नाही.

याच्या जोडीनं दुसरी निवडही चालू आहे: प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र सौर पंप. २०२४ पासूनच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के भरायचे. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्याहून जास्त जमिनीला साडेसात. जिथं तार पोचलेलीच नाही, डोंगरातल्या वाड्यांवर, आदिवासी भागात, तिथं हा पंप फार उपयोगाचा. पण जिथं फीडर आहे तिथं मला फीडर सौर करणंच योग्य वाटतं. शेतातलं पॅनेल पीक नसताना रिकामं बसतं, त्याची वीज कोणाच्याच कामी येत नाही. विहीर जानेवारीत आटली तर उन्हाळाभर ते पॅनेल नुसतं उन्हात उभं. बिघडलं तर कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचं, तेही ज्याच्या त्याच्या पातळीवर.

कोळशाच्या बाजूचा हिशोब

एक मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण सोळा लाख युनिट वीज देतो. तेवढी वीज कोळशातून काढायची तर युनिटला सुमारे सातशे ग्रॅम धरून अकराशे टन कोळसा लागतो. आपल्या कोळशात राख तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त असते, म्हणजे साडेतीनशे-चारशे टन राख. हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड दीड हजार टनांच्या आसपास. शिवाय युनिटला तीन लिटर पाणी धरलं तर पन्नास लाख लिटर पाणी. आता १६ हजार मेगावॅटनं गुणा. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. ते वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेनं चाललं तर जेवढी वीज देईल, जवळपास तेवढीच वीज ही सौर क्षमता पूर्ण झाल्यावर देऊ शकते.

या गुणाकाराचा अर्थ चंद्रपूरकरांना वेगळा सांगावा लागत नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषण क्रमवारी काढली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं. वर्धा खोऱ्यातल्या खुल्या खाणी, इरई धरणाचं पाणी ओढणारं वीज केंद्र, कोळशाचे ट्रक, आणि या सगळ्याला लागून ताडोबाचं जंगल. नागपूरजवळ कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडीच्या खसाळा राख बंधाऱ्याला भगदाड पडलं आणि राखेचं पाणी शिवारात आणि नदीत शिरलं. तिथल्या शेतकऱ्याच्या रानात राख येते ती जुन्नरच्या उसाला रात्री वीज मिळावी म्हणून, असं मी म्हटलं तर ते ओढून आणलेलं वाटेल, पण ग्रीड एकच आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या रात्रीच्या भरण्याला लागणारी वीज मोठ्या प्रमाणावर विदर्भातल्या कोळशातून येत होती. जागरण एका टोकाला आणि राख दुसऱ्या टोकाला.

चंद्रपूरचं केंद्र त्यामुळे लगेच बंद होईल, असं मात्र नाही. सौर वीज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. सूर्य मावळला की घरं, दुकानं, पंखे, एसी चालू होतात, आणि तो चढ आजही कोळसा आणि कोयनेचं पाणीच सांभाळतं. ती वीज साठवायची तर बॅटऱ्या किंवा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे प्रकल्प लागतील. घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. २०२३ मध्ये शिरवटा आणि भिवपुरी इथल्या नव्या प्रकल्पांचे करार झाले, आणि सह्याद्रीत अशी आणखी बरीच ठिकाणं शोधली जात आहेत. घाटातलं जंगल बुडवून साठवलेली सौर वीज किती हरित म्हणायची, हा प्रश्न आजच विचारून ठेवावा लागेल.

पाण्याचं काय

जुलै २०२४ मध्ये सरकारनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी. लाभार्थी सुमारे ४४ लाख. दिवसा वीज आणि तीही फुकट, अशी जोडी आता तयार झाली आहे. इथं मला काळजी वाटते.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभाग बेसाल्टचा. पंजाबच्या गाळाच्या जमिनीसारखं खाली अथांग पाणी इथं नाही. भेगांमध्ये आणि मुरमात जे मुरतं तेच. कितीतरी विहिरी तास-दीड तास उपसल्या की तळ दिसतो आणि पुन्हा पाणी साठायची वाट बघावी लागते. त्यामुळे काही जाणकार म्हणतात की आपल्याकडं वीज वाढली तरी उपसा वाढणार नाही, विहीरच आवर घालते. उथळ विहिरीपुरतं हे खरं आहे. पण विहीर आटली की शेतकरी थांबत नाही, बोअर घेतो. मराठवाड्यात पाचशे फूट आता खोल मानले जात नाहीत. वरुड-मोर्शीचा संत्रा पट्टा आणि रावेर-यावलचा केळीचा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी आधीच ओळखले जातात. दिवसाच्या भरवशाच्या विजेवर ऊस किंवा केळी घ्यायचा मोह वाढणार, आणि त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पाण्याला किंमत नाही, विजेला किंमत नाही आणि उसाला मात्र भाव ठरलेला आहे.

उलट बाजूही आहे आणि ती मांडायलाच हवी. दिवसा पाणी देणारा माणूस जागा असतो. वाफा भरला की दार बंद करतो. ठिबकला दाब नीट मिळतो, फिल्टर साफ होतो, खत वेळेवर सोडता येतं. रात्री ऑटो स्विचवर वाहून जाणारं पाणी वाचतं. म्हणजे दिवसाची वीज पाणी वाचवूही शकते आणि उपसूही शकते. कुठं काय होईल हे त्या गावात पाण्याबद्दल काही ठरलेलं आहे का यावर अवलंबून.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअर बंद ठेवली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. तिथं दिवसा वीज आली तर धोका फार नाही. शेजारच्याच गावात असं काही नसेल तर तीच वीज विहीर लवकर कोरडी करेल. राज्याच्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रातल्या साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पण बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे जाते हे सगळ्यांना माहीत आहे.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाच्या गावात २०१६ मध्ये सौर पंपवाल्या शेतकऱ्यांची सहकारी मंडळी झाली. उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. वाचवलेलं युनिट विकता येत असेल तर शेतकरी गरजेपुरतंच पाणी काढतो, हा त्यामागचा विचार. आपल्या फीडर योजनेत शेतकऱ्याला वीज वाचवून काहीच मिळत नाही. वीज मोफत ठेवायची आहे तर ठेवा, पण ठरलेल्या युनिटांपेक्षा कमी वापरणाऱ्याला रोख परतावा द्या. त्यासाठी पंपाला मीटर लागेल. मीटर म्हटलं की गावात राग येतो, कारण आजवरचा मीटर फक्त बिल घेऊन आला. पैसे घेऊन येणाऱ्या मीटरला विरोध कमी होईल, असं मला वाटतं.

गायरान

योजनेवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथं आहे. १६ हजार मेगावॅटला सत्तर-ऐंशी हजार एकरांपर्यंत जमीन लागते, आणि ती सबस्टेशनजवळ हवी. खासगी मालकाला एकरी वर्षाला पन्नास हजार भाडं मिळतं; कोरडवाहू खडकाळ रानाला एवढं उत्पन्न पिकातून मिळत नाही, त्यामुळे तो खूश. पण बरीचशी जमीन सरकारी म्हणून घेतली जाते, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान.

गायरान कागदावर मोकळं दिसतं. प्रत्यक्षात तिथं धनगराची मेंढरं चरतात, भूमिहीन बाईच्या दोन शेळ्या चरतात. मराठवाड्यात अनेक गावांत दलित आणि भटक्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसलेलं आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह याच मागणीसाठी होता. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तेव्हाही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला होता. सौर प्रकल्पाला तारेचं कुंपण पडलं की हे सगळं एका दिवसात संपतं.

दिवसा वीज कोणाला मिळते? ज्याची विहीर आहे, ज्याच्या नावावर पंप आहे त्याला. गायरान कोणाचं जातं? ज्याच्याकडे जमीनही नाही आणि पंपही नाही त्याचं. रातपाळीच्या पाण्यावर जाणारा सालगडी आता रात्री घरी झोपेल, हा त्याचा खरा फायदा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण त्याच्याच शेळ्यांची चराई जाणार असेल तर त्याला एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं काढून घेतलं.

माळरानाला नापीक समजण्याची आपली जुनी सवय इथंही दिसते. सरकारी नोंदीत पडीक म्हणून लिहिलेल्या सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांतल्या माळांवर लांडगा, खोकड, धाविक पक्षी राहतात. माळढोक पक्षी तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरूनही जवळपास दिसेनासा झाला. पॅनेलसाठी झाडं तोडावी लागत नाहीत म्हणून पर्यावरणाचं नुकसान नाही, असं माळावर म्हणता येत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. खासगी खडकाळ जमीन आधी, गायरान शेवटी, असा क्रम लावता येतो. पॅनेल दोन-अडीच मीटर उंचीवर घेतली तर खाली गवत वाढतं आणि शेळ्या-मेंढ्या चरू शकतात. खर्च वाढतो, पण तीन रुपयांच्या विजेत तो बसवणं परवडण्यासारखं आहे. धरणांच्या कालव्यांवर, पाझर तलावांच्या बुडीत क्षेत्राच्या कडेला, कारखान्यांच्या छपरांवर जागा आहे. आणि ग्रामपंचायतीला मिळणारे पाच लाख रस्त्याच्या काँक्रिटीकरणात घालवण्याऐवजी ज्यांची चराई गेली त्यांच्या चाऱ्यासाठी बाजूला काढता येतात.

हे सगळं ठरतं ते ग्रामसभेच्या ठरावात, आणि बऱ्याच गावांत तो ठराव छापील नमुन्यावर सही करून जातो. तुमच्या गावात असा प्रकल्प येत असेल तर ठरावात निदान इतकं लिहून घ्या: गट क्रमांकानुसार कोणती जमीन जाणार आणि त्यावर आज कोण चरतं, कोण कसतं, त्यांची नावं, जनावरांना जायला वाट कुठून राहणार, प्रकल्पातून कोणत्या फीडरवरच्या किती पंपांना वीज मिळणार आणि रातपाळी कोणत्या तारखेपासून बंद होणार, पॅनेल धुवायला पाणी कुठून घेणार, आणि गावातल्या विहिरींची पाणीपातळी प्रकल्प सुरू होण्याआधी एकदा, नंतर दरवर्षी ऑक्टोबर आणि मे महिन्यात मोजून ती चावडीवर लावणार कोण.